धाकाचं समर्थन आता पुरे

अमेरिकेत ऑल-स्टार चीअरलीडिंगच्या जिममध्ये ज्यांच्या मुली जातात, त्या पालकांकडून एक युक्तिवाद मी वर्षानुवर्षं ऐकत आले आहे. कोच ओरडतात ते मुलींच्या भल्यासाठीच. ज्या मुलीला ते सोसत नाही तिच्यात जिद्दच कमी. आणि जिथे असं ओरडणं चालतं त्याच जिमच्या भिंती विजेतेपदाच्या बॅनरनी भरलेल्या असतात, मग आणखी पुरावा कशाला हवा? डॅलसच्या उपनगरांतल्या आपल्या मराठी घरांतूनही हेच ऐकू येतं. वर आपली म्हणून एक पुस्ती जोडली जाते: "अगं, आपण शाळेत काय कमी मार खाल्ला? काय बिघडलं आपलं?"

मला हे अजिबात मान्य नाही. यातला एकेक मुद्दा घेऊन तो का टिकत नाही ते मांडणार आहे, कारण या समर्थनाची किंमत आठ-दहा वर्षांच्या मुली मोजताहेत.

आधी खेळाविषयी थोडं. चीअरलीडिंग म्हटलं की पुष्कळ मराठी वाचकांच्या डोळ्यांसमोर आयपीएलच्या सीमारेषेवर नाचणाऱ्या मुली येतात. ऑल-स्टारचा त्यांच्याशी काही संबंध नाही. ऑल-स्टारच्या जिम खासगी असतात, त्या कुठल्या शाळेला किंवा कॉलेजला जोडलेल्या नसतात आणि त्यांचे संघ फक्त स्पर्धेसाठी उतरतात. स्प्रिंग बसवलेल्या जमिनीवर अडीच मिनिटांचं रुटीन, त्यात स्टंट, पिरॅमिड, बास्केट टॉस, टम्बलिंग, उड्या आणि शेवटी नाच. वर जाणारी ती फ्लायर, तिला पेलणाऱ्या दोघी बेस आणि मागून मान-पाठ सांभाळणारी बॅकस्पॉट. दहीहंडीच्या थरांसारखंच समजा, फक्त इथे वरच्या मुलीला हवेत भिरकावतात, ती गिरकी घेते आणि खालच्यांनी तिला झेलायचं असतं. मे महिन्यात निवड चाचण्या होतात, उन्हाळ्यात रुटीन बसवलं जातं, हिवाळाभर शनिवार-रविवार स्पर्धा चालतात आणि एप्रिल-मेमध्ये सगळ्यांचे डोळे ऑरलँडोकडे लागतात. तिथे २००४ पासून 'वर्ल्ड्स' होते. तिथे जायचं तर आधीच्या स्पर्धेत 'बिड' मिळवावी लागते. २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने या खेळाच्या जागतिक संघटनेला पूर्ण मान्यताही दिली. तेव्हा हा खेळ खडतर आहे, कसबाचा आहे, यावर माझा कुणाशीच वाद नाही. माझी मुलगी बेस आहे. तिच्या दंडावरचे काळे-निळे डाग मी रोज पाहते.

माझा वाद आहे तो शिकवण्याच्या पद्धतीशी. आमच्या भागातल्या एका जिममध्ये काचेपलीकडून पाहिलेला प्रसंग सांगते. अकराएक वर्षांची मुलगी निळ्या पट्टीच्या टोकाशी उभी होती. तिला बॅक हँडस्प्रिंग करायची होती, म्हणजे मागच्या मागे हातांवर उलटून पुन्हा पायांवर यायचं. ही उडी ती दोनेक वर्षं सहज करत होती, पण काही आठवड्यांपासून तिला जमेनाशी झाली होती. हात कानांना लावून वर, गुडघे वाकलेले, टाचा उचललेल्या, आणि नेमक्या त्या क्षणी हात खाली. पुन्हा हात वर, पुन्हा खाली. कोच म्हणाला, "पाचपर्यंत मोजतो. गेली नाहीस तर सगळ्या टीमला बर्पी." तो मोजू लागला. पाच झाले, ती तिथेच उभी. मग वीस मुली जमिनीवर आडव्या झाल्या, उठल्या, पुन्हा आडव्या झाल्या. जिच्यासोबत ती एका गाडीतून यायची ती मैत्रीण तिच्याकडे बघेना. तिसऱ्या फेरीला ती मुलगी गेली. उडी वाकडी पडली, सगळा भार एका मनगटावर आला, पण उडी झाली. कोचने काचेकडे वळून अंगठा दाखवला. माझ्या शेजारी बसलेले गृहस्थ म्हणाले, "पाहिलंत? जमतं की!" पुढच्या आठवड्यात ती मुलगी राउंडऑफ या त्याहून सोप्या उडीलाही थबकायला लागली.

जिममध्ये याला 'ब्लॉक' म्हणतात. शिकलेली, मुरलेली उडी अचानक जमेनाशी होते. कधी मूल भराभर उंच झालेलं असतं, कधी शेजारची मुलगी डोक्यावर पडलेली त्याने पाहिलेली असते, कधी नुसता थकवा असतो. आळसाशी किंवा नखऱ्याशी याचा काही संबंध नाही. याच जातीचं संकट २७ जुलै २०२१ रोजी टोकियो ऑलिम्पिकमध्ये अमेरिकी जिम्नॅस्ट सिमोन बाइल्सवर आलं. व्हॉल्टवर अडीच गिरक्यांची उडी ठरली होती, हवेत तिचा अंदाज हरवला आणि दीड गिरकीतच ती खाली आली. तिने सांघिक अंतिम फेरीतून माघार घेतली. त्या वेळी तिलाही लोक भित्री म्हणाले. तिने खेळ बाजूला ठेवला, २०२३ मध्ये परतली आणि २०२४ च्या पॅरिसमध्ये तीन सुवर्ण आणि एक रौप्य जिंकलं. त्या दिवशी टोकियोत कुणी तिच्यासमोर पाचपर्यंत मोजत उभं राहिलं असतं तर ती मानेवर पडली असती. जगातल्या सर्वोत्तम जिम्नॅस्टला थांबायची मुभा आपण देतो आणि प्लेनोच्या पाचवीतल्या मुलीला देत नाही, हे कुठलं शहाणपण?

कोचला ती उडी एवढी का हवी असते, तेही सांगायला हवं, म्हणजे मी फक्त माणसांवर राग काढते आहे असं वाटणार नाही. गुणपत्रिकेचा हिशेब असा असतो की टम्बलिंगचा एखादा प्रकार संघातल्या ठरावीक संख्येने केला तरच वरच्या पट्टीतले गुण मिळतात. एक मुलगी अडली की सगळा संघ खालच्या पट्टीत घसरू शकतो. बिड हुकली की पुढच्या वर्षी चांगल्या मुली दुसऱ्या जिमकडे जातात, आणि जिम चालते ती फीवर. हा ताण खरा आहे. पण तो पेलायचं काम मोठ्यांचं आहे. ज्या मुलीची उडी हरवली आहे तिला एक पायरी खालच्या संघात काही महिने ठेवता येतं, रुटीनमध्ये तिची जागा बदलता येते, हाताचा आधार देऊन उडी पुन्हा पहिल्यापासून बांधता येते. हे करणारे कोच आहेत, मी पाहिले आहेत. त्यात वेळ जातो. धाकाला वेळ लागत नाही, आणि एवढ्याचसाठी तो वापरला जातो.

आता "ओरडलं की काम होतं, आम्ही रोज बघतो" या मुद्द्याकडे येते, कारण बाकी सगळं समर्थन यावर उभं आहे. ज्यांना हे दिसतं ते खोटं बोलत नाहीत. त्यांना दिसतं ते खरंच घडतं, पण त्याचं कारण ते समजतात ते नाही. डॅनियल कानेमन या मानसशास्त्रज्ञाने, ज्याला पुढे २००२ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, इस्रायली हवाई दलाच्या प्रशिक्षकांपुढे एकदा व्याख्यान दिलं. शिक्षेपेक्षा शाबासकीने माणूस लवकर शिकतो, असं तो सांगत होता. एका जुन्याजाणत्या प्रशिक्षकाने उठून हरकत घेतली. त्याचं म्हणणं असं की, वैमानिकाने कसरत सुरेख केली आणि आपण शाबासकी दिली की पुढच्या खेपेला तो बिघडवतो, आणि कसरत फसल्यावर कानउघाडणी केली की पुढच्या खेपेला सुधारतो. तेव्हा हे शाबासकीचं प्रकरण आम्हाला सांगू नका.

कानेमनने जमिनीवर खडूने एक खूण केली आणि प्रत्येक अधिकाऱ्याला तिच्याकडे पाठ करून, न बघता, दोन नाणी मागे फेकायला सांगितली. अंतरं मोजून फळ्यावर लिहिली. ज्यांचं पहिलं नाणं खुणेच्या अगदी जवळ पडलं होतं, त्यांच्यातल्या बहुतेकांचं दुसरं लांब पडलं. ज्यांचं पहिलं लांब पडलं होतं, त्यांच्यातल्या बहुतेकांचं दुसरं जवळ आलं. मधे कुणी कुणाला शाबासकी दिली नव्हती की झापलं नव्हतं. कुणाचीही अतिशय वाईट खेप ही त्याच्या नेहमीच्या पातळीहून खाली असते, म्हणून तिच्या पाठोपाठची खेप बहुधा बरीच होते. अतिशय चांगल्या खेपेनंतरची बहुधा थोडी कमी पडते. कोच ओरडतो तो नेमका सगळ्यात वाईट पडझडीनंतर. पुढचं रुटीन आपोआप थोडं सावरतं आणि त्याचं श्रेय ओरडण्याला मिळतं. चांगल्या रुटीननंतर त्याने कौतुक केलं तर पुढचं जरा ढिलं पडतं आणि दोष कौतुकाच्या माथी येतो. अशी वीस वर्षं गेली की त्याला मनापासून खात्री पटते की मुली धाकानेच चालतात. ही खात्री प्रामाणिक असते, आणि ती चुकीची असते. वीस वर्षांचा अनुभव पुढे करणाऱ्या प्रत्येक कोचने हा नाण्यांचा प्रयोग आपल्या जिमच्या जमिनीवर एकदा करून पाहावा.

मग खरोखर फरक कशाने पडतो? सिएटलच्या युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनमधले रोनाल्ड स्मिथ आणि फ्रँक स्मॉल यांनी लहान मुलांच्या बेसबॉल कोचवर अनेक वर्षं काम केलं. कोचना त्यांनी काही तासांचं साधं प्रशिक्षण दिलं: धडपडीची दखल घ्या, चूक झाली की आधी धीर द्या आणि मग नेमकं काय बदलायचं ते सांगा, अपमान आणि शिक्षा टाळा. नॅन्सी बार्नेटसह १९९२ मध्ये त्यांनी जे प्रसिद्ध केलं त्यात असं आढळलं की प्रशिक्षण न घेतलेल्या कोचकडच्या मुलांपैकी २६ टक्के मुलं पुढच्या वर्षी खेळायला परतली नाहीत, तर प्रशिक्षण घेतलेल्या कोचकडची फक्त ५ टक्के. आणि या फरकाचा संघाच्या हारजितीशी संबंध लागत नव्हता. खेळ बेसबॉल होता, मुलगे होते, हे मला ठाऊक आहे. पण ज्यांना प्रेरणा टिकवायची आहे त्यांनी मला एवढं सांगावं की चीअरच्या जमिनीवर मूल वेगळ्या मातीचं कसं होतं.

प्रेरणेच्या गोष्टी करताना आणखी एक पद्धत डोळ्यांआड करू नये, कारण ती दिसायला गोड असते. काही जिम ओरडत नाहीत, बक्षिसांचा मारा करतात. आठवड्याची सर्वोत्तम मुलगी, केसांत लावायच्या चमकत्या बो, भिंतीवर फोटो. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी चित्रं काढायची मुळातच आवड असलेल्या बालवाडीतल्या मुलांना आधी सांगून बक्षीस दिलं. पुढे मोकळा वेळ मिळाल्यावर त्याच मुलांनी रंगांच्या पेनांना इतरांपेक्षा कमी हात लावला. ज्यांना बक्षीस न सांगता, अचानक मिळालं त्यांची आवड कमी झाली नव्हती. आतून आलेल्या ओढीवर बाहेरून सौदा लादला की ओढ आटते. ज्या मुलीला उलट्या उड्या मारायला आवडतात म्हणून ती जिममध्ये आली, तिची ती आवड जपणं हे कोचचं पहिलं काम आहे. धाक काय आणि सौदा काय, दोन्ही तिला हेच शिकवतात की ती दुसऱ्या कुणासाठी उडी मारते आहे.

यापुढचा मुद्दा गंभीर आहे आणि तो मांडणारे पालक विचारी असतात. त्यांचं म्हणणं, हा खेळ जिवाचा आहे, एका बेसचं लक्ष क्षणभर हललं तर वरच्या मुलीची मान मोडेल, इथे लाड चालणार नाहीत. धोक्याबद्दल ते बरोबर आहेत. अमेरिकेत शाळा-कॉलेजातल्या मुलींना खेळात होणाऱ्या अत्यंत गंभीर दुखापतींची १९८२ पासून जी नोंद ठेवली गेली, तिच्यात निम्म्याहून अधिक एकट्या चीअरलीडिंगमधल्या आहेत. पण म्हणूनच धाक इथे सगळ्यात घातक आहे. फ्लायरला "मी आज तयार नाही" असं म्हणता आलं पाहिजे. बेसला "माझं मनगट दुखतंय, मला आज पेलवणार नाही" असं म्हणता आलं पाहिजे. वरून पडणाऱ्या मुलीचं कोपर कपाळावर बसून डोकं गरगरायला लागलं तर त्याच क्षणी सांगता आलं पाहिजे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१२ मध्येच सांगितलं होतं की डोक्याला मार लागल्याची शंका जरी आली तरी मुलीला बाहेर काढा आणि डॉक्टरने होकार दिल्याशिवाय परत घेऊ नका. हे अमलात यायचं तर मुलीने तोंड उघडायला हवं. जिथे एकीच्या थांबण्याची शिक्षा वीस जणींना मिळते तिथे कोण तोंड उघडेल? माझ्या मुलीच्या संघातल्या एकीने पायाचं दुखणं असंच तीन स्पर्धा लपवलं, कारण तिची जागा भरायला कुणी नव्हतं आणि सगळ्यांचे डोळे तिच्यावर होते. सुरक्षेचं नाव घेऊन धाकाचं समर्थन करणारे सुरक्षेचीच वाट बंद करतात.

कडकपणा मला हवा आहे. वेळेवर या, फोन बाहेर ठेवा, मोजणी चुकली तर स्टंट उचलू नका, पाठीमागे बॅकस्पॉट नसेल तर हात लावू नका, यात तसूभरही सवलत नको. माझ्या मुलीला लाभलेली सगळ्यात कडक कोच कधी आवाज चढवत नसे. स्टंट कोसळला की ती जवळ यायची आणि एकच गोष्ट सांगायची: "पकड उशिरा लागते आहे, सातवर पोचायला हवी." मग पुन्हा उचला. त्या मुली तिच्यासाठी जीव टाकायच्या, कारण आपलं काय चुकलं हे त्यांना दर वेळी कळायचं. "तुम्हाला जिंकायचंच नाहीये" असं पंधरा मिनिटं ऐकून पकड कुठे उशिरा लागते हे कुणालाच कळत नाही.

मग येतो ट्रॉफीचा मुद्दा. बॅनर खोटे नाहीत. पण बॅनरवर ज्या सोडून गेल्या त्यांची नावं नसतात. धाक चालवणाऱ्या जिममध्ये दर मे महिन्यात नव्या मुली येत राहतात, ज्या टिकतात त्यांच्यातून संघ बनतो, आणि त्या टिकल्या म्हणजे पद्धत बरोबर, असं आपण म्हणतो. जिम्नॅस्टिक्समध्ये हाच युक्तिवाद कितीतरी वर्षं चालला. १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेच्या केरी स्ट्रगने दुखावलेल्या घोट्यावर दुसरी उडी मारली आणि साऱ्या देशाने ते शौर्य म्हणून साजरं केलं. टेक्ससमधलं कारोली या कोच दांपत्याचं प्रशिक्षण केंद्र पदकांच्या जोरावर सगळ्या प्रश्नांच्या पलीकडे गेलं होतं. जानेवारी २०१८ मध्ये मिशिगनच्या न्यायालयात दीडशेहून अधिक मुली-बायकांनी त्या केंद्रातही काम करणाऱ्या लॅरी नासर या डॉक्टरने आपल्यावर काय अत्याचार केले ते उभं राहून सांगितलं, आणि त्याच महिन्यात राष्ट्रीय संघटनेला त्या केंद्राशी संबंध तोडावे लागले. ब्रिटनमध्ये अ‍ॅन व्हाइट यांचा अहवाल जून २०२२ मध्ये आला. चारशेहून अधिक लोकांनी त्यांच्याकडे आपलं म्हणणं पाठवलं होतं. आरडाओरडा, शिवीगाळ, दुखापतीवर सराव, अन्न-पाणी रोखणं, हे सगळं तिथल्या जिम्नॅस्टिक्सच्या रचनेतच मुरलेलं होतं असा निष्कर्ष त्यांनी काढला.

आणि धाक बंद व्हायला लागल्यावर पदकं गेली का? पॅरिसमध्ये सुवर्ण जिंकणाऱ्या अमेरिकी महिला संघातल्या पाचपैकी चौघी टोकियोतही होत्या. बाइल्स सत्तावीस वर्षांची होती. त्याच संघातल्या जॉर्डन चाइल्सने उघडपणे सांगितलं आहे की आधीच्या एका कोचच्या बोलण्याने ती खेळ सोडण्याच्या बेतात आली होती. ती बाइल्सच्या जिममध्ये गेली, तिथे तिला पुन्हा खेळावंसं वाटलं. पूर्वी बहुधा विशीच्या आत संपणाऱ्या खेळात या चौघींनी विशी ओलांडल्यावर सुवर्ण जिंकलं. धाकाशिवाय पदक नाही म्हणणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं.

धाकाचा आणखी एक परिणाम आहे, त्याबद्दल लिहिताना हात जड होतो, पण लिहायलाच हवं. "कोच सांगेल ते, प्रश्न न विचारता" ही सवय लागलेलं मूल वाईट माणसाच्या हाती सहज सापडतं. २०२० मध्ये यूएसए टुडे या वर्तमानपत्राने शोधून काढलं की मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांचे आरोप झालेले, चीअरशी संबंधित सुमारे १८० जण या खेळाच्या बंदी-यादीत नव्हतेच. त्याच वर्षी नेटफ्लिक्सच्या 'चीअर' मालिकेने घराघरांत पोचलेल्या जेरी हॅरिसला अटक झाली आणि २०२२ मध्ये त्याला बारा वर्षांची शिक्षा झाली. ओरडणारा प्रत्येक कोच गुन्हेगार असतो असं मी म्हणत नाही, आणि तसा आरोप करणं अन्यायाचं होईल. पण ज्या मुलीला "नाही" म्हणायची सवयच राहिलेली नाही, तिला अशा वेळी ते एकदम कुठून सुचणार?

"कुणी जबरदस्ती केली आहे का? नको असेल तर सोडा," हे तर मला सर्वांत निष्ठुर वाटतं. मे महिन्यात पालक वर्षभराच्या करारावर सही करतात. मासिक फी, कोरिओग्राफी, खड्यांनी मढवलेला गणवेश, स्पर्धांचा प्रवास, ठरवून दिलेलीच हॉटेलं, वर्षाला काही हजार डॉलर सहज जातात. या खेळातल्या बहुतेक मोठ्या स्पर्धा आणि गणवेश व्हर्सिटी या एकाच कंपनीभोवती एकवटले आहेत. मक्तेदारीमुळे पालकांकडून जास्त पैसे घेतले गेले, अशा आरोपांचे दोन मोठे खटले तडजोडीने मिटले, एक ४ कोटी ३५ लाख डॉलरला आणि दुसरा ८ कोटी २५ लाखांना. एवढं गुंतल्यावर, मुलीने ऑक्टोबरमध्ये "मला नको" म्हटलं तर किती आईबाप ऐकतात? शिवाय ती गेली तर पिरॅमिड कोसळतो आणि मैत्रिणी बोलेनाशा होतात. दहा वर्षांच्या मुलीपुढे हे सगळं ठेवायचं आणि वर म्हणायचं की ती स्वखुशीने येते?

राहिली आपली पुस्ती, मार खाऊन घडलो ही. ज्यांनी मार खाल्ला आणि टिकले ते आज अमेरिकेत मंडळाच्या पॉटलकला बसून हे सांगतात. मास्तरांच्या धाकाने ज्यांनी शाळा सोडली ते इथे सांगायला आलेले नाहीत. आणि ज्या शाळांच्या आठवणी आपण काढतो, त्या शाळांमध्ये २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ, दोन्हींना मनाई केली आहे. सातारच्या किंवा नागपूरच्या वर्गात जे बेकायदा ठरलं आहे ते फ्रिस्कोच्या जिममध्ये महिन्याला शेकडो डॉलर मोजून विकत घ्यायचं, याचं समर्थन संस्कार म्हणून तरी करू नका.

पुन्हा मे येईल, चाचण्या होतील, करार समोर येईल. सहीच्या आधी कोचना विचारा: मुलीला ब्लॉक आला तर तुम्ही नेमकं काय करता? एकीच्या चुकीसाठी इतरांना शिक्षा देता का? सराव पालकांना कधीही बघता येतो का? गेल्या वर्षी किती मुली सोडून गेल्या, आणि त्यांच्या आईबापांशी मला बोलता येईल का? चांगला कोच या प्रश्नांची उत्तरं आनंदाने देतो. जो चिडेल, किंवा "तुमच्या मुलीला जिंकायचं आहे ना?" असं उलट विचारेल, त्याचा करार तिथेच परत द्या आणि दुसरी जिम शोधा.